जुन्या संगणकाचे ऑनलाइन खेळांसाठी अल्पखर्चात नूतनीकरण : उत्तन परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : वैयक्तिक संगणक, ऑनलाइन खेळ, विलंबकाल, ग्राफिक्स कार्ड, खारी हवा, ई-कचरा

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकांत क्वचितच येतो, आणि आला तरी व्यसन, दृष्टिदोष किंवा अभ्यासाची हानी या अंगानेच येतो. ती चर्चा आवश्यक आहेच. परंतु तिच्याआधी घराघरांत घडणारा एक आर्थिक व्यवहार अध्यापकवर्गाच्या नजरेतून बहुधा निसटतो. विद्यार्थ्याला घरातील जुना संगणक खेळासाठी ‘अपग्रेड’ करून हवा असतो, पालकांना त्यातले काही कळत नसते, आणि दोघेही संगणक शिकविणाऱ्या, किंवा नुसता वापरणाऱ्याही, प्राध्यापकाकडे सल्ल्यासाठी येतात. आपण ‘खेळ कमी कर’ एवढे सांगून मोकळे होतो. मग पैसे दुकानदाराच्या सल्ल्याने खर्च होतात आणि खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहतो.

भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रालगत वसलेल्या उत्तनसारख्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथील कोळी कुटुंबांचे उत्पन्न हंगामावर अवलंबून असते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयीन प्रवेश, शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च येतो. अशा घरात संगणक एकच असतो. त्यावरच प्रकल्प-अहवाल लिहावयाचा, ऑनलाइन अर्ज भरावयाचे आणि रात्री खेळही खेळावयाचा. त्या यंत्रावर चुकीच्या जागी खर्च झालेले काही हजार रुपये हे केवळ छंदाचे नुकसान राहत नाही. म्हणून हा खर्च कोणत्या क्रमाने करावा आणि कोणता मुळीच करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक खुलासा आरंभीच करणे इष्ट होय. येथे ‘ऑनलाइन खेळ’ म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक 2’, ‘व्हॅलोरंट’, ‘डोटा 2’ यांसारखे कौशल्याचे सांघिक खेळ. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने बंदी घातली आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सचा मात्र मान्य क्रीडाप्रकार म्हणून वेगळा विचार केला आहे. पालकांशी बोलताना हा भेद स्पष्ट केल्यास बरीच भीती आपोआप निवळते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना-यंत्र समोर ठेवू. कार्यालयांनी मोडीत काढलेले आणि जुन्या बाजारात सहज मिळणारे संगणक बहुधा पुढीलप्रमाणे असतात : 2013 च्या सुमाराची इंटेल कोअर आय-5 ची चौथी पिढी, 4 जीबी डीडीआर-3 रॅमची एकच पट्टी, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही आणि विंडोज 10. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही याच जातकुळीची यंत्रे अद्याप दिसतात.

‘अडखळणे’ या तक्रारीचे दोन अर्थ

विद्यार्थी ‘लॅग होतो’ असे म्हणतो तेव्हा तो दोन सर्वस्वी भिन्न दोषांना एकच नाव देत असतो. पहिला दोष चित्रनिर्मितीचा. संगणक सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, तयार करतो यावर हालचालीचा सलगपणा अवलंबून असतो. साधा कार्यालयीन मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, अर्थात एका चित्रास सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. संगणक तेवढ्या वेळात चित्र पुरे करू शकला नाही, की हालचाल तुटक दिसते. दुसरा दोष जाळ्याचा. खेळाडूने कळ दाबल्याचा संदेश दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे विलंबकाल, खेळाडूंच्या भाषेत ‘पिंग’. तो वाढला की चित्र सलग दिसते, पण गोळी झाडूनही लागत नाही आणि समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो.

जाळ्याच्या दोषावर ग्राफिक्स कार्डाचा काडीमात्र उपयोग होत नाही. आणि तरीही सर्वाधिक पैसे तेथेच वाया जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विलंबकालाला भौतिकशास्त्राची एक खालची मर्यादा असते. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर 100 किलोमीटरला जाण्यायेण्याचा मिळून 1 मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे 3,900 किलोमीटर धरले, तर तेथील सर्व्हरवर खेळताना 39 मिलिसेकंदांपेक्षा कमी विलंब जगातील कोणताही संगणक देऊ शकणार नाही. प्रत्यक्षात मार्ग वळणाचा असल्याने तो बराच अधिक भरतो. उलट ‘व्हॅलोरंट’ व ‘काउंटर-स्ट्राइक’ यांचे सर्व्हर मुंबईतच आहेत. उत्तनच्या खेळाडूला तेथवरचे अंतर नगण्य आहे. याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे असलेल्या वर्सोव्यास आंतरराष्ट्रीय समुद्री केबली जमिनीवर येतात, ही बाब भूगोलाच्या अध्यापकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. तेव्हा खेळाच्या मांडणीत सर्व्हर ‘मुंबई’ निवडला आहे की नाही, हे पाहणे ही पहिली आणि फुकटची सुधारणा होय.

सर्व्हर जवळ असूनही पिंग चढत असेल, तर दोष बहुधा घरातच सापडतो. त्याची परीक्षा सोपी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा देऊन प्रथम घरातील राउटरचाच पत्ता तपासावा. तारेने जोडलेल्या संगणकाला राउटरचे उत्तर 1 मिलिसेकंदाच्या आसपास मिळते. वाय-फायवर तेच उत्तर कधी 3, कधी 80, कधी 150 मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोषी ना संगणक, ना केबलवाला. जाड भिंती, पत्र्याची छपरे आणि शेजारच्या घरांतील राउटरांची गर्दी यांनी वाय-फायचा संदेश पुनःपुन्हा पाठवावा लागतो. पंधरा-वीस मीटरची कॅट-5-ई तार टाकली की हा प्रश्न संपतो. या सबंध लेखातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक खरेदी हीच.

राउटरपर्यंत सर्व ठीक असून घरातील दुसरी व्यक्ती व्हिडिओ पाठवू लागली की पिंग चढते, असेही आढळते. राउटरमध्ये संदेशांची रांग लागते आणि खेळाचा चिमुकला संदेश त्या रांगेत अडकून पडतो. काही राउटरांत खेळाच्या संदेशांना अग्रक्रम देण्याची सोय असते, ती वापरावी. मात्र केवळ खेळासाठी 100 एमबीपीएसऐवजी 200 एमबीपीएसची योजना घेणे निरर्थक आहे. खेळाला लागणारा माहितीचा प्रवाह अत्यल्प असतो. त्याला रुंद रस्ता नको, मोकळा रस्ता हवा.

कोणता भाग कमी पडतो, याची तपासणी

जाळे निर्दोष ठरल्यावरच संगणकाकडे वळावे. येथेही आधी मापन, मग खर्च. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांपाशी अडकले आहे हे पाहावे. त्याहून उद्बोधक असा एक प्रयोग आहे. खेळातील चित्राचे विभेदन 1920 × 1080 वरून 1280 × 720 वर आणावे. पहिल्यात 20,73,600 चित्रबिंदू असतात, दुसऱ्यात 9,21,600. म्हणजे चित्र काढण्याचे काम निम्म्याहून कमी होते. फ्रेमची संख्या ठळकपणे वाढली, तर अडचण ग्राफिक्सची. ती जवळपास तशीच राहिली, तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची, आणि अशा यंत्रात महागडे ग्राफिक्स कार्ड बसवणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण एक राशी स्थिर ठेवून दुसरी बदलतो. येथे पद्धत तीच आहे.

खाऱ्या हवेतील यंत्र

हा भाग संगणकविषयक पुस्तकांत सहसा आढळत नाही, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. उत्तनसारख्या किनाऱ्यावर हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. संगणकाचा पंखा दिवसभर हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर ते कणही. मिठाचा गुणधर्म असा की सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की ते हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. परिणामी मदरबोर्डवर आणि जोडण्यांवर खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा बसतो आणि गंज सुरू होतो. रॅमची पट्टी, ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट, साटा केबलीचे टोक येथे संपर्क बिघडतो. संगणक मध्येच बंद पडतो किंवा निळा पडदा दाखवतो. ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान ज्या यंत्राचे होते, त्याचे नुसते संपर्क स्वच्छ करून ते पुन्हा चालू लागल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांना नवीन नाहीत.

तेव्हा कोणताही भाग विकत घेण्याआधी यंत्र उघडून स्वच्छ करणे हेच पहिले अपग्रेड होय. वीज काढावी, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून ब्लोअरने धूळ उडवावी, संपर्कावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले मऊ कापड फिरवावे. रॅमच्या पट्टीवर खोडरबर घासण्याची आपल्याकडील रीत तात्पुरता गुण देते खरी, परंतु तिने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि उघड्या पडलेल्या धातूला खारी हवा अधिकच लवकर खाते. त्यानंतर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवतो. खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे सुरळीत आणि नंतर संथ, हे त्याचे ओळखीचे लक्षण. पेस्टच्या एका छोट्या नळीने गेलेला वेग परत येतो.

समुद्राकडील खिडकीशेजारी संगणक ठेवू नये. पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद ठेवणे हेही अपायकारकच. रोज थोडा वेळ चालू ठेवल्याने आतील उष्णतेने ओल सुकते. जुना भाग खरेदी करतानाही हीच नजर उपयोगी पडते. मागील बाजूचे स्क्रू आणि एसएमपीएसची जाळी यांवर तांबूस डाग असतील, तर त्या यंत्राचे आयुष्य कोठे गेले हे विक्रेत्याला विचारण्याची गरज उरत नाही.

खर्चाचा क्रम

येथे एक कसोटी लावावी : विकत घेतलेला भाग उद्या दुसऱ्या यंत्रात नेता येईल काय? येत असेल, तर त्यावर थोडा अधिक खर्च क्षम्य आहे. येत नसेल, तर तो जुना व स्वस्तच घ्यावा.

डीडीआर-3 रॅम या कसोटीस उतरत नाही, कारण नव्या मदरबोर्डावर ती बसतच नाही. पण तिच्यावाचून गत्यंतरही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक 2’ ला किमान 8 जीबी रॅम लागते. ती जुन्या बाजारातून घ्यावी, आणि एक 8 जीबीची पट्टी घेण्याऐवजी 4 जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. डीडीआर-3-1600 जातीची एक पट्टी सेकंदाला 12.8 जीबी माहिती देते, दोन पट्ट्या जोडीने 25.6 जीबी देतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्र काढण्याचे कामही याच रॅमवर चालते, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. सध्या ज्यांना नवी रॅम घ्यावी लागते त्यांना 2025 च्या अखेरीस झालेली मोठी भाववाढ ठाऊक असेलच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेली प्रचंड मागणी हे तिचे मुख्य कारण. याच अस्थिरतेमुळे प्रस्तुत लेखात किमतींचे आकडे दिलेले नाहीत.

एसएसडी मात्र पुढच्या यंत्रात नेता येते. मिनिटाला 7,200 फेरे फिरणाऱ्या हार्डडिस्कला एका फेऱ्यास 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शोधणे धरून सेकंदाला ती जेमतेम शंभराच्या आत-बाहेर विखुरलेली वाचने करते. एसएसडी तीच हजारोंच्या संख्येने करते. तथापि एसएसडीने फ्रेमची संख्या वाढत नाही, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे. खेळ लवकर उघडतो, मध्येच बसणारे झटके कमी होतात, आणि प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या भावंडालाही यंत्र नवे वाटू लागते. संबंध कुटुंबाला लाभ देणारी खरेदी म्हणून तिचा क्रम ग्राफिक्स कार्डाच्या वर लावावा. एकट्या ‘काउंटर-स्ट्राइक 2’ ला 85 जीबी जागा लागते, हे ध्यानात घेऊन आकार निवडावा. जुनी हार्डडिस्क साठवणुकीसाठी आत राहू द्यावी. आणखी एक सावधगिरी : चौथ्या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांवर एनव्हीएमई जातीच्या एसएसडीवरून संगणक सुरू होत नाही, साटा जातीचीच घ्यावी.

ग्राफिक्स कार्डाविषयी दुकानात सर्वाधिक गोंधळ होतो. कार्यालयीन संगणकाची एसएमपीएस लहान क्षमतेची असते, आणि डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या अनेक यंत्रांत तिची जोडणी त्या कंपनीच्या स्वतंत्र मापाची असल्याने बाजारातील साधी एसएमपीएस बसत नाही. अशा वेळी स्लॉटमधूनच मिळणाऱ्या 75 वॉटवर चालणारे कार्ड निवडणे शहाणपणाचे. 2019 चे जीटीएक्स 1650 यात बसते, मात्र त्याच्या काही नमुन्यांना वेगळी वीजजोडणी लागते, ती पाहून घ्यावी. बारीक कॅबिनेट असेल तर निम्म्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल, कार्ड हवे. दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पट्टीने माप घ्यावे.

नाव एक आणि माल दुसरा, असाही प्रकार आहे. जीटी 1030 हे कार्ड दोन प्रकारच्या स्मृतीसह विकले गेले : जीडीडीआर-5 असलेले सेकंदाला 48 जीबी माहिती हलवते, डीडीआर-4 असलेले सुमारे 17 जीबी. खोक्यावरील मोठ्या अक्षरांतील नाव तेच, खेळातील अनुभव मात्र अगदी वेगळा. 2022 चे आरएक्स 6400 हे कार्ड वीज कमी घेते, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या केवळ चार मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटसाठी बनलेले हे कार्ड आपल्या नमुना-यंत्राच्या तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये निम्म्याच वेगाने माहितीची देवाणघेवाण करते. नवे आहे म्हणून चांगले, हा तर्क येथे फसतो.

प्रोसेसर बदलावा काय? त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय-7 चारऐवजी आठ थ्रेड देतो. पण तो त्या मदरबोर्डाबरोबरच संपणारा आहे. वर सांगितलेल्या प्रयोगात प्रोसेसरचाच दोष निघाला, तर तेवढे पैसे बाजूला ठेवून पुढच्या यंत्राकडे पाहावे हे बरे.

खरेदीसाठी भाईंदरहून लोकल गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठणे हा मुंबई परिसरातील जुना रिवाज. तेथे भाव करता येतो आणि जुने भागही मिळतात. ‘बिल नको, तेवढा कर वाचेल’ असा प्रस्ताव आला, तर 18 टक्के वाचवताना हमी गमावली जाते, याचा हिशेब पालकांनी तेथेच मांडावा. जुना भाग तर समोर जोडून, चालवून दाखविल्याखेरीज घेऊच नये.

ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत

इतके सर्व केल्यावरही एक मर्यादा उरते आणि ती यंत्राच्या शक्तीशी संबंधित नाही. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव योजना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चकती अधिकृतपणे आवश्यक आहे. आपले चौथ्या पिढीचे नमुना-यंत्र त्यात बसत नाही. आडवाटेने विंडोज 11 चढवता येते, परंतु ‘व्हॅलोरंट’चा फसवणूक-प्रतिबंधक कार्यक्रम विंडोज 11 वर टीपीएम 2.0 व सिक्युअर बूट यांची मागणी करतो, त्यामुळे त्या खेळापुरती आडवाट बंद आहे. लिनक्सवर ‘काउंटर-स्ट्राइक 2’ आणि ‘डोटा 2’ मुळातूनच चालतात; ‘व्हॅलोरंट’ चालत नाही.

म्हणून विद्यार्थ्याला पहिला प्रश्न ‘किती पैसे आहेत?’ हा नव्हे, ‘कोणता खेळ खेळणार?’ हा विचारावा. ‘काउंटर-स्ट्राइक 2’ असेल, तर तार, सफाई, रॅम आणि एसएसडी एवढ्यावर जुने यंत्र आणखी काही काळ काम देईल. ‘व्हॅलोरंट’ असेल, तर चौथ्या पिढीवर ग्राफिक्स कार्डाचा खर्च न करता आठव्या पिढीचा जुना कार्यालयीन संगणकच शोधावा आणि एसएसडी त्यात हलवावी. ज्या महाविद्यालयाला आपली प्रयोगशाळा नूतन करावयाची आहे, त्यालाही हाच मुद्दा लागू पडतो. तेथे खेळाच्या जागी परीक्षेचे सॉफ्टवेअर असते एवढेच.

काढून टाकलेल्या भागांचे काय?

मीरा-भाईंदर शहराचा घनकचरा उत्तन परिसरातील धावगी डोंगरावरील प्रकल्पात येतो. तेथील आगी, धूर आणि दुर्गंधी यांविरुद्ध ग्रामस्थ वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. शहरातील एखाद्या घरातून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली जुनी एसएमपीएस किंवा मदरबोर्ड याच डोंगराच्या वाटेला लागण्याची शक्यता असते, आणि त्यातील शिसे व प्लॅस्टिक जळाल्यास धूर खालच्या वस्तीवर उतरतो. ई-कचरा नेहमीच्या कचऱ्यात मिसळू न देता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जावा, अशी व्यवस्था 2016 च्या आणि त्यानंतर 2022 च्या नियमांनी केली आहे. महाविद्यालयाने वर्षातून एकदा आपल्या प्रयोगशाळेचा ई-कचरा अशा पुनर्चक्रकाकडे सोपविताना विद्यार्थ्यांच्या घरचे भागही त्यात स्वीकारले, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. चालू स्थितीतील 4 जीबी रॅमची पट्टी मात्र त्या ढिगात टाकू नये; प्रयोगशाळेतील एखाद्या संथ यंत्राचा दुसरा स्लॉट बहुधा रिकामाच असतो. हार्डडिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील माहिती पूर्णतः पुसून घ्यावी, कारण प्रवेश-अर्जाच्या निमित्ताने घरातील प्रत्येकाच्या आधारपत्राची प्रत तिच्यावर कोठेतरी साठवलेली असते.